विसरक्या हाताचं भरण

जावयाने बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीजवळच्या चार कुंड्यांमध्ये वाटून टाकलं, बाटली उपडी करून शेवटचा थेंब झटकला आणि डबा आवरून तो निघून गेला. यात गुन्हा म्हणावा असं काही दिसत नाही. त्यालाही दिसलं नव्हतं. आठ महिने, दर बुधवारी, त्याने हे न चुकता केलं. आणि तरीही ‘तुम्ही झाडांना पाणी घालता का हो?’ असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ‘छे! मी हातसुद्धा लावत नाही,’ असं तो छातीठोकपणे सांगून मोकळा झाला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्याच्या लेखी ते पाणी घालणं नव्हतंच. ते पाणी न फेकणं होतं.

तो ज्या लहानशा गावात वाढला तिथे नळ तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही आल्यासारखं करून जायचा. प्यायचं पाणी मोरीत ओतणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. पेल्यात घोटभर राहिलं तरी ते तुळतुळीत झालेल्या दगडी पन्हळीतून परसातल्या लिंबाला जायचं. पुढे तो शिकला, शहरात आला, वजनकाटे तपासायचं आणि दुरुस्त करायचं काम करू लागला, त्याचं लग्न झालं. पण हाताची ती सवय तशीच राहिली. शिंक आली म्हणजे माणूस ‘मी शिंकलो’ अशी नोंद ठेवत नाही, तसंच हे.

सासऱ्यांच्या गल्लीत त्याची फेरी बुधवारी असे. सकाळभर किराणावाला, भंगारवाला, लोकरवाली, सोनार असे एकेक काटे तपासायचे. सोनार कणासाठी भांडायचा, भंगारवाला किलोसाठी; दोघांनाही वाटायचं की काट्याचं खरं वैर आपल्याशीच आहे. मग दुपारी दोनच्या सुमाराला पितळी वजनांची पेटी सांभाळत तिसरा मजला चढायचा, स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून डबा खायचा. सासरे तेव्हा आतल्या खोलीत झोपलेले असत. दोन वाजले की दुकानाचं शटर पडावं तसे त्यांचे डोळे मिटायचे आणि चारला उघडायचे. मध्ये भूकंप आला तरी तो चारनंतर कळवावा अशी सोय होती. पण झोपण्याआधी ते टेबलावर जावयासाठी काचेची मोठी बाटली भरून, वर पेला पालथा घालून ठेवत. न चुकता. आणि बाटली दीड लिटरची. एवढं पाणी एका डब्यावर कोण पितं?

सासऱ्यांना सगळे प्लास्टरकाका म्हणत. मोठ्या दवाखान्याच्या हाडांच्या विभागात, प्लास्टरच्या खोलीत, त्यांनी चौतीस वर्षं काढली. डॉक्टर हाड बसवायचे, पण ते बसलेलं हाड बसून राहावं याची काळजी काकांची. बँडेज बादलीत बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, अलगद पिळायचं, गुंडाळायचं. ओल्या प्लास्टरला बोटाचं टोक कधी लावायचं नाही, खड्डा पडतो आणि तो आतून टोचतो. म्हणून काकांना सगळं तळव्याने धरायची सवय होती. चहाचा कपही ते तळव्याने धरत. प्लास्टर वाळलं की नाही हे ते पाहत नसत, मधल्या बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत.

“कोणत्या झाडावरून पडलास?” असं ते प्रत्येक पोराला विचारत.

“झाडावरून नाही, सायकलवरून.”

“म्हणजे झाड चालतं होतं!”

पोरगं हसायचं आणि तेवढ्यात पहिला वेढा पडलेला असायचा. चौतीस वर्षांत एकदाही त्यांनी चुकीच्या पायाला प्लास्टर घातलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं? पण दुसरीकडे तसं घडलेलं त्यांनी ऐकलं होतं. ते तीनदा विचारत आणि निळ्या पेन्सिलीने खूण करत. निवृत्तीनंतरही दर शनिवारी ते तिथे जाऊन नव्या पोरापोरींना हात कसा चालवायचा ते दाखवत. पैसे नाहीत, फक्त चहा. ‘आणि तोही पांचट,’ असं घरी येऊन सांगायचे, पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे.

ऑर्किडचं वेड मात्र उशिरा लागलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मनगट मोडलेल्या एका फुलवालीने प्लास्टर काढताना त्यांना एक रोप दिलं. पतंगासारखी पांढरी फुलं, जाड चामड्यासारखी पानं. काकांनी ते कौतुकाने चांगल्या काळ्याभोर मातीत, खत घालून, दाबून-ठोकून लावलं. तीन आठवड्यांत ते गेलं. उपटून पाहिलं तर मुळांचा लगदा झालेला; चिमटीत धरल्यावर मोजा निघावा तशी मुळाची साल निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. काका हबकून गेले. “जिता पाय मी घट्ट प्लास्टरमध्ये घालून गुदमरवला, असं वाटलं हो मला,” असं ते पुढे कितीदा तरी सांगत, आणि सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा.

मग त्यांनी चौकशी केली. या झाडाला माती नकोच असते. रानात ते दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून बसतं, मुळं वाऱ्यावर सोडून. त्याला टेकायला काहीतरी हवं, भरपूर हवा हवी आणि भिजून पुन्हा वाळायला सवड हवी. आता असं ‘काहीतरी’ कुंडीत कोणतं भरायचं, हाच सगळा प्रश्न. जाणती मंडळी त्याला मीडिया म्हणतात. काका ‘भरण’ म्हणत. झाडांच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे चौकोन, फुटक्या विटा, वाळकं शेवाळ, जो जे सांगेल ते त्यांनी आणलं. प्रत्येकाची मूठमूठभर पुरचुंडी बँडेजच्या जाळीत बांधली, सगळ्या एकदम बादलीत बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत थांबले, आणि खिडकीत ओळीने टांगून कोणती कधी वाळते हे पाहत बसले. विटा दुपारीच वाळल्या. कोळसा दुसऱ्या दिवशी. साल तिसऱ्या-चौथ्या. शेवाळ आठव्या दिवशीही बोटाला गार लागत होतं. काकांचा हात पाण्याच्या बाबतीत आखडता. नऊ-दहा दिवसांतून एकदाच ते पाणी घालत. म्हणून खिडकीजवळच्या चार मोठ्या झाडांना त्यांनी शेवाळ दिलं आणि आतल्या सात कुंड्यांना सालीत थोडा कोळसा. अकराच्या अकरा झाडं फुलली. प्रत्येक कुंडीवर प्लास्टरची पट्टी, पट्टीवर निळ्या पेन्सिलीने भरण बदलल्याची तारीख. रोगी आणि झाड यात त्यांनी फारसा फरक केला नाही.

साल येई ती चौकातल्या लाकडाच्या वखारीतून. वखारवालीचा आवाज करवतीवर मात करायचा. तिने पहिलं पोतं दिलं तेव्हाच बजावलं होतं, “पैसे नकोत, काका. पण त्या पांढऱ्या फुलाचं पिल्लू मला द्यायचं. शब्द?” या झाडांना कधी कधी फुलाच्या दांडीवरच लहान रोप फुटतं, त्याला काका पिल्लू म्हणत. “शब्द,” काका म्हणाले होते. खिडकीजवळच्या तीन नंबरच्या कुंडीवर पिल्लू धरलंही होतं; दोन पानं, एक मूळ.

आणि आठ महिन्यांपूर्वी जावयाची फेरी बुधवारी लागली.

आधी तीन नंबरचं पान पिवळं पडलं. मग एक नंबरच्या मधल्या कोंबात पाणी साचून कोंबच काळा पडला. काकांनी कुंड्या उपड्या केल्या. आत शेवाळ चिंब, मुळं तपकिरी. काकांना काही उमगेना. पाणी घालून तर नऊ दिवस झाले होते! त्यांनी सडकी मुळं कापली, शेवाळाच्या जागी सोडणाचे तुकडे भरले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग नुसती साल. पुन्हा तेच. तीन नंबरचं पिल्लू या धांदलीत एके दिवशी देठापासून गळून हातात आलं. काका ते तळव्यावर घेऊन बराच वेळ उभे होते, असं लेकीने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो ‘अरेरे’ म्हणाला. मनापासून म्हणाला.

लेक विमा कंपनीत होती. जळलेली दुकानं, भिजलेला माल पाहून नुकसान खरं की बनाव हे ठरवायचं तिचं काम. तिने चार कुंड्यांचा पंचनामाच केला. ‘तू पाणी घालतोस का?’ असं घरी नवऱ्यालाही विचारून झालं, तो ‘नाही’ म्हणाला.

“बाबा, हे चारच का सडतात? आतले सात कसे ठणठणीत?”

“त्या चारांशी मी जास्त बोलतो.”

“चेष्टा नको. तुमची खुर्ची इथे. बसल्या बसल्या पाणी घालता आणि विसरता, असं तर नाही ना?”

काका हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी विचार करायला सुरुवात केली.

वाढदिवसाला जावयाने त्यांना एक छोटा काटा भेट दिला. स्वतः जोडलेला, ग्रॅमपर्यंत चोख. काकांनी तो खिडकीत मांडला, चार कुंड्यांत पुन्हा सगळ्यांत भरवशाचं शेवाळ भरलं, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर प्रत्येक कुंडी तळव्यात उचलून वजन करायचं, वहीत लिहायचं असा नेम धरला. पाणी सुकेल तसं वजन उतरणार, सरळ गोष्ट. सोमवारी उतरलं. मंगळवारी उतरलं. बुधवारी उतरलं. गुरुवारी एकशे ऐंशी ग्रॅमने वाढलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा.

सहाव्या बुधवारी जावई आला तेव्हा सासरे जागे होते. दुपारी दोन वाजता जागे! जावयाने आधी घड्याळ पाहिलं, मग त्यांचा चेहरा.

“जावईबापू, तुमचा काटा खोटं बोलतो.”

हे म्हणजे हलवायाला ‘तुझी साखर खारट आहे’ म्हणण्यासारखं होतं. जावयाने डबा बाजूला सारला, पेटी उघडली, मखमलीतलं एकेक पितळी वजन चिमट्याने उचलून काट्यावर ठेवलं. दहा. पन्नास. शंभर. पाचशे. किलो. काटा तसूभरही चुकला नाही. त्याला मनातून बरंच वाटलं.

“एक ग्रॅमचाही फरक नाही, बाबा. सोनाराकडे ठेवला तरी चालेल. लिहून देतो पाहिजे तर.”

“नक्की?”

“माझं नाव लावलंय त्याच्यावर.”

सासऱ्यांनी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने आकडे पाहिले. गुरुवार, गुरुवार, गुरुवार.

“काटा बरोबर,” सासरे हळूच म्हणाले, “म्हणजे मग हे बिघडलंय,” आणि त्यांनी पेराने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं. “की तुम्ही झाडांना पाणी घालता का हो?”

“छे! मी हातसुद्धा लावत नाही.”

“तेच. तुम्ही येऊन जाता, मी उठतो, चहा करतो. जावई येऊन गेला या आनंदात पाणी घालत असेन. आणि घातलेलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.”

जावयाच्या अंगावर काटा आला. त्याने पेलाभर पाणी पिऊन टाकलं. सासरे पुढे जे म्हणाले ते त्याहून वाईट होतं. दोन महिने झाले, त्यांनी शनिवारचं दवाखान्यात जाणं बंद केलं होतं. ‘पायऱ्या चढवत नाहीत’ असं कारण सगळ्यांना सांगितलं होतं. “खरं कारण असं की, पेन्सिलीने खूण उजव्या पायावर करेन आणि प्लास्टर डाव्याला घालेन. आता माझा मला भरवसा नाही.”

मग ते म्हणाले, “तिला सांगू नका. घाबरेल.”

“नाही सांगत,” जावई म्हणाला, आणि घरी बूट काढता काढताच त्याने सगळं सांगून टाकलं. बायको जेवण वाढत होती. तिचा हात तसाच थांबला.

“आज पाणी. उद्या गॅस चालू राहिला म्हणजे?” ती म्हणाली. आणि आपल्याच गॅसचं बटण दोनदा पाहून आली.

रविवारी तिने वडिलांपुढे मांडलं. महिनाअखेर ही जागा भाड्याने द्यायची आणि त्यांनी लेकीकडे राहायला यायचं. मागची खोली तयार आहे. खोलीला खिडकी आहे, पण खिडकीपुढे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन नाही. कुंड्या फार तर दोन. जावयाला वाटलं, आता म्हातारा पेटणार. ज्या माणसाने तीन मुख्य डॉक्टरांना ‘साहेब, हे हाड वाकडं बसलंय’ असं तोंडावर सांगितलं, तो भिंतीकडे तोंड करून बसायला कसा तयार होईल?

“बरं,” सासरे म्हणाले.

एवढंच. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. लेक मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तेवढ्यातही जावयाला वाटून गेलं, पाणी वाया चाललंय.

जाण्याआधी सासऱ्यांनी चारी कुंड्या अखेरच्या भरल्या. जावई मदतीला होता. या खेपेला शेवाळ नाही, साल नाही, सोडण नाही. सुपारीएवढे कोळशाचे तुकडे आणि फुटक्या विटा, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी.

“एवढं भरड? यात पाणी थांबणारच नाही, बाबा.”

“थांबू नये म्हणूनच.” ते मुळं तळव्याने सावरत विटा बसवत होते. “इतकी वर्षं मला वाटायचं, भरण झाडाकडे बघून निवडायचं. तसं नसतं. पाणी घालणाऱ्या हाताकडे बघून निवडायचं. आखडता हात असेल तर शेवाळ. बेताचा असेल तर साल. माझा हात आता विसरका झालाय. विसरक्या हाताला विटाच बऱ्या. कितीही वेळा घातलं तरी निघून जाईल, झाड तरी वाचेल.” मग जरा थांबून म्हणाले, “बाकीच्या गोष्टींना असं भरण मिळालं असतं तर इथेच राहिलो असतो.”

स्वयंपाकघरात गॅसच्या बटणावर प्लास्टरची पट्टी चिकटवलेली जावयाला दिसली. निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: बंद केला का? बघ. नळावर एक पट्टी. दाराच्या आतल्या बाजूला एक: किल्ली. चष्म्याच्या डबीवर सुद्धा. इतक्या पट्ट्या कधी लागल्या? आणि एवढं सगळं एकट्याने लिहिताना हा माणूस काय काय मनात आणत असेल? जावई मुकाट्याने खाली आला. जिन्यात त्याला लक्षात आलं की आपण हातात उगाच एक वीट घेऊन आलो आहोत.

महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते. बुधवार होता. सासरे आत झोपले होते, खोक्यांत अर्धं घर भरून ठेवलेलं. टेबलावर मात्र भरलेली बाटली आणि पालथा पेला. जावयाने डबा खाल्ला, पेलाभर पाणी प्यायला, आणि उठून, काही एक विचार न करता, उरलेलं चार कुंड्यांमध्ये वाटून टाकलं. एक, दोन, तीन, चार. शेवटचा थेंब झटकला.

टप्. टप्. टपटपटप.

कुंड्यांच्या बुडातून पाणी धो धो खाली आलं आणि खाली ठेवलेल्या त्याच्या पिशवीवर पडलं. पिशवीत सकाळभर लिहिलेले काट्यांचे दाखले होते. ‘अरे, अरे’ करत त्याने ते बाहेर ओढले. सोनाराच्या दाखल्यावरचा शिक्का जांभळा होऊन पसरत चालला होता. ‘हे पाणी आलं कुठून?’ असं तो खरोखरच, अगदी प्रामाणिकपणे, वर छताकडे बघून मनात म्हणाला.

मग त्याने हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

आठ महिने शेवाळाने, सालीने, सोडणाने त्याचं पाणी गुपचूप पोटात घेतलं होतं. विटांनी एका दमात सगळं ओकून दाखवलं. बुधवारी पाणी. गुरुवारी वजन. काटा बरोबर, डोकं बरोबर, सगळं बरोबर. चुकीचा फक्त तो. ‘माझं नाव लावलंय त्याच्यावर.’ देवा!

आता खरं लिहायचं तर क्षणभर त्याच्या मनात आलं की फरशी पुसावी आणि निघून जावं. फडकं त्याने हातात घेतलंही. कोणाला कळलं नसतं. म्हाताऱ्याला नाही, बायकोला तर मुळीच नाही. तो फडकं घेऊन वाकला आणि त्याच्या डोळ्यांसमोर टेबलाच्या कडेवरची पट्टी आली: औषध घेतलं का? बघ.

त्याने आतल्या खोलीचं दार वाजवलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काय झालं? कोण पडलं?” सासरे उठून बसले.

“बाबा, पाणी मी घालत होतो.”

“कसलं पाणी?”

“बाटलीतलं. उरलेलं. दर बुधवारी. म्हणजे मी घालत नव्हतो, फेकत नव्हतो…” त्याची जीभ अडखळली. “तुम्ही काही विसरला नाहीत. कधीच नाही.”

सासरे भिंतीला तळवा टेकत उठले, बाहेर आले, ओल्या फरशीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

“पुन्हा करा,” ते म्हणाले.

“काय?”

“करा म्हणतो ना! माझ्यासमोर.”

त्यांनी खिडकीत टांगलेली शेवाळाची पुरचुंडी काढली, तिच्यातलं शेवाळ आणि डब्यातलं उरलेलं असं सगळं एका रिकाम्या कुंडीत भरलं, कुंडी काट्यावर ठेवून आकडा लिहिला. जावयाने बाटलीत पाणी घेतलं, नेहमी उरायचं तेवढं. चार भागांतला एक भाग ओतला. सासऱ्यांनी ठिबकणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा कुंडी काट्यावर ठेवली.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. एकशे ऐंशी. एकशे पंचाहत्तर. एकशे ब्याऐंशी. बोट एकेका गुरुवारावरून खाली सरकत गेलं. मग मधलं बोट वाकवून त्यांनी स्वतःच्या कपाळावर टकटक केलं आणि मान तिरकी करून ऐकलं, चौतीस वर्षं ऐकत आले तसं.

“पक्कं आहे की,” ते म्हणाले. जावयाने खुर्ची सरकवली.

जावयाला वाटलं होतं ते हसतील, किंवा झोडपतील. त्यांतलं काहीच त्यांनी केलं नाही. खुर्चीत बसून ते आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहत राहिले, कोणीतरी दुसऱ्याचे हात त्यांना लावून दिल्यासारखे.

“इतके महिने,” ते म्हणाले, “मी माझ्याच घरात या हातांवर पाळत ठेवून राहिलो.” आवाज अगदी साधा होता. “जावईबापू, तुम्ही मला विचारायचं होतंत हो. ‘बाबा, हे उरलेलं पाणी कुठे ओतू?’ एवढंच.”

“सुचलंच नाही.”

“मलाही बाटली लहान ठेवायचं सुचलं नाही.” त्यांनी वही मिटली. “आता तिला कोण सांगणार?”

“मी सांगतो.”

“तुम्हीच सांगायचं. आणि या खेपेला बूट काढून मग.”

म्हणजे ते त्यांना ठाऊक होतं.

बायकोला त्याने बूट काढून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एखाद्या जळक्या दुकानाच्या मालकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

“मी तुला विचारलं होतं. या इथे उभं राहून. ‘तू पाणी घालतोस का?’ म्हणून.”

“हो.”

“तू ‘नाही’ म्हणालास.”

“ते मी पाणी घालणं धरलंच नव्हतं गं.”

“मी माझ्या बापाला भिंतीपुढे बसवणार होते,” ती म्हणाली. तिने नवऱ्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला झोप लागली असती. पण ती स्वतःलाच म्हणत राहिली, “मी एकदा बुधवारी येऊन बघितलं नाही. नुकसान बघायचं माझं कामच, आणि मी बघितलं नाही.”

खोकी पुन्हा उघडली. पट्ट्या सासऱ्यांनी स्वतः काढल्या, प्लास्टर काढतात तशा, एका कडेने, न ओढता. गॅसवरची मात्र राहू दिली. “ती बरी आहे. तिने काही बिघडत नाही,” असं म्हणाले, आणि त्यांच्या मनातली भीती सगळी गेलेली नाही हे जावयाला त्यावरून समजलं. शनिवारी ते दवाखान्यात गेले. परत आल्यावर चहा पांचट होता असं त्यांनी सांगितलं. पण आता ते खूण तीनदा नाही, चारदा विचारून करतात, असं तिथली एक शिकाऊ मुलगी लेकीला म्हणाली. ही चौथी वेळ जावयाच्या पाण्याने वाढवलेली आहे. त्याला ते पक्कं ठाऊक आहे.

चारांपैकी एक नंबरचं झाड गेलंच. बाकी तिघांना विटांमध्ये नवी मुळं फुटली. बुधवारी टेबलावर आता भरलेली बाटली नसते. एक पेला असतो, काठोकाठ, आणि कुंडीत ओतायला काही उरत नाही.

राहिली वखारवाली. “ते पिल्लू मी दिलेल्या शब्दाचं होतं आणि मेलं तुमच्या पाण्याने,” सासऱ्यांनी हिशेब सरळ केला, “तेव्हा शब्द आता तुमचा.” तीन नंबरच्या बुडाशी फुटलेलं नखाएवढं रोप त्यांनी कोळशा-विटांत बसवून जावयाच्या हवाली केलं. “तुमच्या हाताला हेच भरण. शेवाळाच्या वाऱ्यालासुद्धा उभे राहू नका.”

रोप त्याच्या घराच्या खिडकीत आहे. पाच महिने झाले. पान एकच, मूळ अर्धं. चौकातून जाताना तो वखारीपाशी चालण्याचा वेग वाढवतो, पण करवतीच्या वरून हाक येतेच.

“ओ काटेवाले! माझं झाड?”

“वाढतंय!”

“किती वाढलं?”

ग्रॅममध्ये सांगता येईल एवढंही ते वाढलेलं नसतं. तो हात हलवतो आणि पुढे जातो.